सैनिकाची पाठ आणि सरकारची हमी

लष्करी सेवेचा हिशेब निवृत्तीच्या दिवशी पुरा होत नाही. तो पुढे कित्येक वर्षे सैनिकाच्या शरीरात, आणि विशेषतः त्याच्या पाठीच्या कण्यात, चालूच राहतो. कन्हान नदीच्या काठी १८२१ साली वसलेली कामठीची छावणी, तेथील गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आणि नागपुरातील वायुसेनेचे अनुरक्षण मुख्यालय यांमुळे या परिसरात निवृत्त सैनिकांची मोठी वस्ती आहे. पाठीवर ओझे घेऊन बर्फाळ घाट चढलेला, चिलखती गाडीत वर्षानुवर्षे हादरे सोसलेला हवालदार साठीला आला, की पाण्याची बादली उचलताना एक हात आपोआप कमरेवर ठेवतो. त्याच्या या दुखण्याची जबाबदारी कोणाची आणि कुठवर, हा प्रश्न सरकारी नियमावलीत बसवणे जितके कठीण, तितकेच ते नैतिकदृष्ट्या अटळ आहे.

या जबाबदारीचे आजचे रूप म्हणजे १ एप्रिल २००३ पासून अमलात आलेली माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच सर्वांच्या तोंडी रुळलेली ईसीएचएस. निवृत्तिवेतनधारकाने हुद्द्यानुसार एकदाच अंशदान भरावे, आणि त्याला, त्याच्या पत्नीला व पात्र आश्रितांना पॉलिक्लिनिकमध्ये आणि तेथून रेफरल मिळाल्यास संलग्न रुग्णालयात रोख पैसे न भरता उपचार मिळावेत, अशी ही तजवीज आहे. खर्चाचे दर मात्र सर्वसाधारणपणे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएसच्या दरपत्रकाला बांधलेले असतात. त्या दरपत्रकात कमरेचे ट्रॅक्शन, मेणाचा शेक, शॉर्टवेव्ह डायथर्मी यांची नोंद सापडते. कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताच्या नेमक्या दाबाने मणक्यांचे सांधे हलवून केला जाणारा उपचार, त्याची नाही. दरपत्रकात जी बाब नाही तिचा भार रुग्णाच्या खिशावर पडतो, हा कोणत्याही आरोग्ययोजनेचा अलिखित नियमच होय.

अमेरिकेत हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहिला. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे सुरू केलेली ही पद्धती तेथे परवानाधारक व्यवसाय बनली असली, तरी ट्रायकेअर या लष्करी आरोग्यविम्यात तिचे स्थान चमत्कारिक आहे. सेवेत असलेल्या सैनिकाला ठरावीक लष्करी रुग्णालयांत ती मिळते. निवृत्त सैनिकाला आणि कुटुंबीयांना त्या विम्यातून मिळत नाही. माजी सैनिकांसाठी असलेल्या स्वतंत्र सरकारी रुग्णालयांत मात्र तीच सेवा उपलब्ध आहे. ज्या पाठीने ओझे वाहिले तिला गणवेश उतरताच निराळी पाठ मानण्याचे कारण वैद्यकात सापडणार नाही. ते केवळ अंदाजपत्रकात सापडते.

तथापि, कळकळ हा पुराव्याचा पर्याय नव्हे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कंबरदुखीने त्रस्त असलेल्या ७५० अमेरिकी सैनिकांची पाहणी झाली, आणि नेहमीच्या उपचारांना कायरोप्रॅक्टिकची जोड मिळालेल्यांची वेदना व हालचालीतील अडचण अल्पकाळात अधिक कमी झाल्याचे दिसले. एवढ्यावरून पामर यांचे मूळचे तत्त्वज्ञान, म्हणजे बहुतेक सर्व व्याधींचे मूळ कण्यात आहे हा दावा, सिद्ध होत नाही. आणि मानेला जोराचा झटका दिल्यास धमनीला क्वचित, पण गंभीर इजा होऊ शकते, हा धोकाही नाकारता येत नाही.

आपल्याकडे उसण भरली, की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची चाल अजून पुरती लोपलेली नाही. दुखणे असह्य झाले आणि दवाखाना दूर असला, की माणूस जवळच्या हाताचा आसरा घेतो. तो हात शिकलेला आहे की नाही, याची चौकशी मागाहून होते. सरकारने या स्वाभाविक ओढीची दखल घेतलेली नाही असे म्हणता येणार नाही. २०२२ साली देशातील ३७ छावणी रुग्णालयांत आयुर्वेद केंद्रे सुरू करण्याचा निर्णय झाला आणि त्या यादीत कामठीचेही नाव होते. परंतु कोणतीही उपचारपद्धती, मग ती देशी असो वा परदेशी, केवळ प्राचीन किंवा लोकप्रिय म्हणून सार्वजनिक पैशास पात्र ठरू नये. उपचार करणाऱ्याचे शिक्षण, त्याची नोंदणी, परिणामाची नोंद आणि चूक झाल्यास दाद मागण्याची सोय या चार कसोट्या सर्वांना सारख्याच लागू झाल्या पाहिजेत.

त्या कसोट्या मान्य केल्या, की नागपूरपुरते कर्तव्य स्पष्ट होते. भौतिकोपचार हा आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत आलेला व्यवसाय आहे आणि सांधे हाताने हलवण्याचे प्रशिक्षण त्यातही मिळते. तेव्हा कायरोप्रॅक्टिक हे नाव दरपत्रकात चढवण्याची घाई करण्याआधी प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाच्या हातांचा आणि वेळेचा मोबदला त्यात मानाने नोंदवावा. विदर्भातल्या दूरच्या गावाहून एसटीच्या बाकावर धक्के खात येणाऱ्या कंबरदुखीच्या रुग्णाला केवळ रेफरलच्या नूतनीकरणासाठी पुन्हा फेरी घालावी लागणार नाही, अशीही व्यवस्था व्हावी. कारण ज्या प्रवासाने दुखणे वाढते, तोच उपचाराची अट बनणे हा योजनेच्या हेतूचाच पराभव आहे. पुढे कायरोप्रॅक्टिकच्या शिक्षणाला व नोंदणीला आपल्या कायद्यात आधार मिळाला, तर तिलाही याच दाराने प्रवेश द्यावा. सैनिकाने सेवा देताना आपल्या शरीराच्या कोणत्याही भागाचा अपवाद केलेला नव्हता. त्याच्या शुश्रूषेची हमी देणाऱ्या सरकारनेही तो पुराव्याखेरीज अन्य कोणत्याही कारणाने करू नये.