न उचलला जाणारा हात आणि इच्छाशक्ती

मेंदूला इजा होऊन हात उचलला जात नाही, तेव्हा दोष कधीकधी रुग्णाच्या इच्छेला दिला जातो. 2010 मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी उंदरांत दाखवले, की पक्षाघातानंतर जखमेभोवतीच्या पेशींवर गाबा या शामक रसायनाचा दाब वाढलेला राहतो. तिसऱ्या दिवसापासून तो औषधाने कमी केल्यावर हालचाल सुधारली. पक्षाघाताच्या वेळीच तो कमी केल्यावर मात्र मेंदूतील मृत भाग वाढला. अडवणारे रसायन आधी राखणही करते. (माणसांवरील अशा एका औषधाच्या चाचणीत मात्र लाभ दिसला नाही.)

इच्छेचा हाच प्रश्न बाबासाहेब आंबेडकरांनी 1956 मध्ये स्वीकारलेल्या बौद्ध धम्माच्या दृष्टीनेही पाहता येतो. त्यातील प्रतीत्यसमुत्पाद या तत्त्वानुसार प्रत्येक घटना अनेक कारणांवर उभी असते. इच्छा त्यांपैकी एक. म्हणून रुग्णाला आळशी ठरवणे चूक. सराव मात्र सुटत नाही, कारण धम्माच्या अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम, म्हणजे योग्य प्रयत्नही आहे.