पुत्राला विचारणारा पिता



प्रेषित इब्राहीम (अ.) यांनी पुत्राच्या कुर्बानीचे स्वप्न पाहिले. प्रेषितांचे स्वप्न म्हणजे अल्लाहचा आदेशच. तरीही सूरह अस्साफ्फातमध्ये आपण काय वाचतो? पिता पुत्राला ते स्वप्न सांगतो आणि त्याचे मत विचारतो. न विचारताही आदेश आदेशच राहिला असता, तरी विचारले. दर बकरी ईदला आपण हा प्रसंग ऐकतो. बारावीच्या निकालानंतर आपल्यापैकी किती पित्यांना तो आठवतो?

गेल्या वर्षी असरच्या नमाजनंतर एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. आखाती देशात चुलत्याने त्याच्यासाठी कचेरीतील नोकरी पाहून ठेवली होती. मुलाचा जीव मात्र बंदरावरील होड्यांच्या इंजिनांत रमलेला. त्याला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक व्हायचे होते. "मौलाना, तुम्हीच त्याला समजवा," पिता म्हणाले. मी समजावले. मातापित्यांच्या हक्कांवर बराच वेळ बोललो. मुलगा मान खाली घालून ऐकत राहिला. ते दोघे उठून गेल्यावर माझ्या ध्यानात आले की, मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. याची मला आजही लाज वाटते.

चौदाव्या शतकातील थोर विद्वान इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांनी अपत्यांच्या हक्कांवर 'तुहफतुल मौदूद' हा ग्रंथ लिहिला. मूल कोणत्या कामासाठी घडले आहे हे पालकांनी निरखावे, आणि ते काम शरीअतमध्ये वैध असेल तर त्याला दुसरीकडे बळेच ओढू नये, असा त्यांचा उपदेश आहे. विद्येची ओढ असेल तर विद्या, अश्वारोहणाची असेल तर अश्वारोहण, हस्तकौशल्याची असेल तर हस्तकौशल्य.

अजानचे शब्द स्वप्नात अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांनी ऐकले होते. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते शब्द बिलाल (रजि.) यांना शिकवण्यास सांगितले, कारण बिलाल यांचा आवाज अधिक दूर पोहोचणारा होता. स्वप्न एकाचे, काम दुसऱ्याचे. आपल्या घरांत मात्र पित्याचे अपुरे स्वप्न पुत्रानेच पुरे करावे असा हट्ट असतो, मग त्याचा आवाज कसाही असो!

"आवडीने पोट भरते का?" हा प्रश्न मी हलका मानत नाही. डोक्यावर कर्ज असते, बहिणीचे लग्न असते. मुलानेही हा भार समजून घ्यावा. कमाई हलाल असावी आणि आवड क्षणिक नसावी. म्हणून त्याला दोन-तीन महिने एखाद्या जाणत्या कारागिराच्या हाताखाली ठेवावे, त्या कारागिराला मुलाची कुवत विचारावी, आपसात मशविरा करावा आणि इस्तिखाराची नमाज मुलाने स्वतः अदा करावी. हात काळे होतात म्हणून काम कमी प्रतीचे ठरत नाही. दाऊद (अ.) प्रेषित होते, राजे होते आणि लोखंडाची चिलखते घडवीत, कड्यांचे माप नीट राखण्याची आज्ञा त्यांना अल्लाहने दिली होती.

आठवड्याने मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो आणि राहिलेला प्रश्न मुलाला विचारला. तो अर्धा तास इंजिनांविषयी बोलत होता. पिता दाराशी उभे राहून ऐकत होते. निरोप घेताना ते हळूच म्हणाले, "मौलाना, हा इतके बोलतो हे मला ठाऊकच नव्हते."