वतन की जहागीर?

नाबोथाने अहाब राजाला द्राक्षमळा नाकारला, कारण ते त्याच्या वाडवडिलांचे वतन होते. ‘वतन’ हा शब्द मराठी शास्त्राच्या भाषांतरात वारंवार येतो आणि मला तो शहाजीराजांकडे नेतो.

वतन पिढीजात असते. जहागीर मात्र चाकरीच्या मोबदल्यात, धन्याच्या मर्जीवर. इंग्लंडातही १०६६ नंतर विल्यम राजाचे सरदार जमीन राजाकडून, सेवेच्या अटीवरच धारण करीत. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर अशीच होती. १६३८ साली विजापूरकरांनी ते ठाणे केंपेगौडाकडून जिंकून त्यांच्याकडे सोपविले. पुढे १६४८ साली जिंजीजवळ त्याच धन्याच्या सरदाराने राजांना कैद केले; कोंढाणा सोडून द्यावा लागला, तेव्हा १६४९ मध्ये त्यांची सुटका झाली. १६६४ साली होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून ते निवर्तले. १६८७ साली मोगलांनी बंगळूर घेतले व म्हैसूरच्या चिक्कदेवराजास तीन लाख रुपयांस देऊन टाकले. (मी हे म्हैसुरात, म्हणजे खरेदीदाराच्याच गावी बसून लिहीत आहे!)

लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणे भूमी परमेश्वराची आहे आणि इस्राएल तिच्यावर केवळ उपरी. शिवाय ती भूमीही कनान्यांकडूनच घेतलेली. विधवा व अनाथ यांच्यावर अन्याय कराल तर ती जाईल, असे संदेष्ट्यांनी बजावले, आणि ती गेलीही. मग ते वतन होते की जहागीर? नाबोथाच्या तोंडी मी ‘वतन’च ठेवीन, कारण त्याने ते राजापुढे राखले. अहाबाच्या साऱ्या राज्यासाठी मात्र मला शहाजीराजांच्या दफ्तरातला शब्दच अधिक खरा वाटतो.