पाटी वाचली होती ना?

हजेरी नंतर घेईन. आधी तुम्ही लिहून दिलेल्या प्रतिक्रियांबद्दल बोलायचं आहे, आणि माझं बोलून होईपर्यंत कोणी मध्ये तोंड घालायचं नाही. फॅन्टसीच्या जगातलं, प्रौढ विषय हाताळणारं एक फॅन फिक्शन निवडा आणि वाचक म्हणून तुमची प्रतिक्रिया दोन पानांत लिहा, एवढंच काम दिलं होतं. एम.ए.ला बसलेल्या माणसांना हे जमेल असा माझा समज होता. गठ्ठा वाचून संपला तेव्हा त्या समजाचंही विसर्जन झालं.

बहुतेकांनी ‘मॅनॅकल्ड’ निवडली. त्याला हरकत नाही. सेनलिनयू या टोपणनावाने 2018-19मध्ये लिहिलेली ही कथा हॅरी पॉटरच्या वाचकांत गाजली. हॅरी हरला आहे, व्होल्डेमॉर्ट जिंकला आहे. हर्मायनी कैदेत आहे, तिच्या आठवणींचा एक तुकडा हरवला आहे, आणि मुलं जन्माला घालण्याच्या सक्तीच्या योजनेत तिला ड्रेको मॅलफॉयच्या घरी धाडलं आहे. मार्गारेट ॲटवूडच्या 1985च्या ‘द हँडमेड्स टेल’शी असलेलं नातं उघड आहे. कथा अंधारी आहे आणि बलात्कार, छळ, युद्धातली क्रूरता कथानकाच्या मध्यभागी आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं होतं. म्हणजे विषय जड होता, पण कोणी तुम्हाला फसवून आत नेलं नव्हतं.

आता एक प्रतिक्रिया वाचून दाखवते. नाव घेत नाही. ज्याची आहे त्याचे कान लाल झाले आहेत, तेवढं पुरे. ‘काय घाणेरडं लिहिलं आहे. हर्मायनी असं कधीच वागणार नाही. लेखक विकृत असणार. असल्या गोष्टींवर बंदीच हवी. शेवटची प्रकरणं वाचताना रडू आवरलं नाही.’

यालाच उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात. एकेक वाक्य घेऊ.

घाणेरडं म्हणजे नक्की काय? विषय घाणेरडा, भाषा घाणेरडी, की तो विषय मांडण्याची रीत? हे तीन वेगवेगळे आरोप आहेत आणि तिन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो. तुम्ही एकही दिला नाही. बलात्कार घाणेरडाच असतो, हे सांगायला प्रतिक्रिया लागत नाही. कथेने त्या घाणीचं काय केलं, ते सांगायला लागते.

हर्मायनी असं वागणार नाही? कॅनन, कॅनन म्हणून वर्गात ओरडता, ती मूळ पुस्तकंच जरा नीट उघडून बघा. चौथ्या पुस्तकात ती वार्ताहर रीटा स्कीटरला भुंग्याच्या रूपात बरणीत कोंडते. पाचव्यात जुलमी शिक्षिका अंब्रिजला थाप मारून जंगलात नेते आणि बाई सेंटॉरांच्या तावडीत सापडते. सातव्यात सख्ख्या आईवडिलांच्या स्मृती बदलून त्यांना ऑस्ट्रेलियाला पाठवते. ही मुलगी वेळ आली की निष्ठुर होऊ शकते, हे मूळ पुस्तकं लिहिणाऱ्या रोलिंगबाईंनीच लिहून ठेवलं आहे. तेव्हा ‘असं वागणार नाही’ म्हणायचं तर प्रसंग दाखवा, मूळ पुस्तकातला स्वभाव दाखवा, आणि दोन्ही जुळत नाहीत हे सिद्ध करा. तुमच्या मनातली हर्मायनी दुखावली, एवढ्याने लेखक चुकत नाही. खांडेकरांच्या ‘ययाति’त कचाला महाभारतात नाही एवढी जागा आहे, म्हणून तुमच्या आजोबांनी पुस्तक फेकून दिलं नाही.

लेखक विकृत असणार. हे निदान कोणत्या दवाखान्यात झालं? खुनाची गोष्ट लिहिणारा खुनी नसतो हे तुम्हाला बाबूराव अर्नाळकर वाचताना कळतं, आणि इथे मात्र कळेनासं होतं. ॲटवूड सांगत आल्या आहेत की माणसांनी इतिहासात कुठे ना कुठे केलेलं नाही असं काही त्यांनी त्या कादंबरीत घातलेलं नाही. दाखवणं आणि शिफारस करणं यांतला फरक ज्याला समजत नाही, त्याने साहित्याच्या वर्गात का बसावं, हे मला समजत नाही.

बंदीकडे नंतर येते. आता शेवटचं वाक्य: रडू आवरलं नाही. ‘मॅनॅकल्ड’ची प्रकरणं 77, शब्द साडेतीन लाखांच्या वर. इतकं वाचन चुकून होत नाही. पहिल्या प्रकरणात नाक मुरडलंत, मग उरलेली 76 कोणी वाचायला लावली? कथेने तुम्हाला धरून ठेवलं आणि त्याची तुम्हाला लाज वाटली. ती लाज झाकायला लेखकाला शिव्या घातल्या. अहो, या पाच वाक्यांत खरं वाक्य हे एकच आहे, आणि प्रतिक्रिया सुरू व्हायला हवी होती ती इथून. ज्याची किळस आली त्यातच जीव का गुंतला? हे लिहिलं असतंत तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

आता पाटीबद्दल. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅन फिक्शनच्या संग्रहस्थळावर कथेच्या माथ्यावर काय काय लिहिलेलं असतं, ते कोणी वाचलं होतं? आधी वर्ग असतो: सर्वांसाठी, किशोरांपासून वर, प्रौढांसाठी, किंवा उघड लैंगिक वा हिंसक मजकूर. त्याखाली ठळक इशारे असतात: रक्तरंजित हिंसा, महत्त्वाच्या पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीनांचे लैंगिक संबंध. इशारे द्यायचे नाहीत असं लेखकाने ठरवलं असेल तर तेही लिहिलेलं असतं, आणि त्याचा अर्थ ‘आत काहीही निघू शकेल’ असा घ्यायचा असतो. त्याखाली जोडीचं नाव, पात्रांची नावं आणि टॅगांची रांग. खातं न उघडता गेलात तर आधी एक पान आडवं येतं आणि प्रौढ मजकूर बघायची तयारी आहे का, असं स्पष्ट विचारतं. तिथे तुम्हीच बोटाने ‘पुढे’ दाबता. ‘मेलेलं कबूतर, खाऊ नका’ असा एक टॅगही चालतो. ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ मालिकेत एकजण फ्रिजमधली तशी चिठ्ठी लावलेली पिशवी उघडतो आणि आत मेलेलं कबूतर बघून, आपण दुसरं काय धरून चाललो होतो, असं स्वतःलाच विचारतो. त्या माणसाने निदान स्वतःला तरी विचारलं. तुम्ही कबूतर ठेवणाऱ्याच्या नावाने बोंब मारलीत.

ही पाटी आकाशातून पडलेली नाही. 2002मध्ये फॅनफिक्शन डॉट नेटने केवळ प्रौढांसाठी असलेल्या वर्गातल्या कथांना दार बंद केलं. 2007च्या मे महिन्याच्या अखेरीस लाइव्हजर्नल या ब्लॉगस्थळाने बाहेरच्या एका गटाच्या तक्रारीवरून शेकडो खाती एका फटक्यात बंद केली. निकष काय, तर आवडीच्या विषयांच्या यादीत बलात्कार वगैरे शब्द दिसले. मजकूर वाचण्याची तसदी घेतली नाही. त्या झोडपणीत हॅरी पॉटरच्या कथा लिहिणारे गेलेच, पण अत्याचारातून सावरू पाहणाऱ्यांचे गट गेले आणि नाबोकोव्हच्या ‘लोलिता’वर स्पॅनिशमध्ये चर्चा करणारा गटही गेला. साप साप म्हणून भुई धोपटणं ते हे. पुढे कंपनीने माफी मागितली आणि पुष्कळ खाती परत सुरू केली. पण लिहिणाऱ्यांनी धडा घेतला होता. फॅन्टसी कादंबरीकार नाओमी नोविक आणि इतरांनी त्याच वर्षी संस्था उभारली आणि 2009मध्ये हे संग्रहस्थळ खुलं झालं. जाहिराती नाहीत, काम स्वयंसेवकांचं. 2019मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथला करार सरळ आहे: लेखकाने सांगायचं, वाचकाने वाचून ठरवायचं. लेखकाने आपला अर्धा भाग पाळला. तुम्ही पाळला नाहीत.

मागच्या बाकांवर हसू फुटलेलं दिसतंय. थांबा, तुमचीही पाळी आहे.

तुमच्यापैकी काहींनी लिहिलं, ‘आवडत नसेल तर वाचू नका, विषय संपला.’ कसा संपला? इशारा दिला म्हणजे लेखकाला वाटेल ते करायचा परवाना मिळाला असं नाही. इशारा सांगतो की आत बलात्कार आहे. तो कसा लिहिला आहे, हे इशारा सांगत नाही आणि सांगूही शकत नाही. ‘मॅनॅकल्ड’वर घेण्यासारखे आक्षेप आहेत. जिच्यावर अत्याचार होतो तिचं ज्याच्या कैदेत आहे त्याच्याशी प्रेम जुळवताना कथा त्या अत्याचाराचं वजन तोलून धरते, की मध्यावरचा भूतकाळ उलगडला की सगळं सैल सोडते? ड्रेकोची बाजू कळल्यावर हर्मायनीचं दुःख त्याच्या दुःखाच्या सावलीत जातं का? छळाचे प्रसंग पात्राबद्दल दर वेळी नवं काही सांगतात, की नुसते साचत जातात? हे प्रश्न विचारणारा वाचक लेखकाचा शत्रू नसतो. ‘वाचू नका’ म्हणून त्याचं तोंड बंद करणाऱ्यांना कथेबद्दल प्रेम नसतं. त्यांना फक्त आपली ड्रॅमायनी, म्हणजे ड्रेको-हर्मायनीची जोडी, शाबूत हवी असते.

आणखी एक जमात आहे. ‘स्पाइस’, म्हणजे शृंगाराचा भाग, ‘कितव्या प्रकरणात येतो?’ एकाने हे चक्क प्रतिक्रियेच्या कागदावर लिहिलं आहे. हव्या त्या पानावर उडी मारायची, तेवढं वाचायचं, आणि ‘कथेत दम नाही’ म्हणून शेरा ठोकायचा. जिच्याबद्दल तुम्हाला काही वाटूच लागलं नाही, तिच्यावर काय गुदरलं हे वाचून तुम्हाला काय कळणार? वर या कथांचे छापील बांधीव प्रती विकत घेतल्याची फुशारकीही एका कागदात आहे. लेखकाने फुकट दिलेली गोष्ट तिसऱ्यानेच छापून विकायची, हा आयत्या बिळावरचा नागोबा झाला. अशा बेकायदा विक्रीने सेनलिनयू यांच्यावरच कायद्याची टांगती तलवार आली, आणि पुढे पॉटरचं जग काढून टाकून ती गोष्ट नव्याने लिहावी लागली. सप्टेंबर 2025मध्ये ती ‘अल्केमाइज्ड’ या नावाने आली. मूळ कथा तिच्या जागेवरून उतरवली गेली, यात असल्या ‘चाहत्यांचा’ वाटा किती, याचा विचार करा.

आता बंदी. बंदी मागणं सोपं असतं, कारण त्याला वाचावं लागत नाही. 2020च्या फेब्रुवारीत चीनमध्ये काय झालं ते ऐका. ‘द अनटेम्ड’ या फॅन्टसी मालिकेतला नट शाव जान याला पात्र करून लिहिलेली एक प्रौढ कथा त्याच्या काही चाहत्यांना झोंबली. त्यांनी सरकारदरबारी तक्रारींचा सपाटा लावला. महिना संपता संपता चीनमध्ये अख्खं संग्रहस्थळच दिसेनासं झालं. एका कथेवरचा राग लाखो निरुपद्रवी कथांवर निघाला. संतापलेल्या वाचकांनी त्या नटाच्या जाहिरातींवर बहिष्कार टाकला, म्हणजे चाहते ज्याची अब्रू राखायला निघाले त्याचंच नुकसान झालं.

आपल्याकडचाही दाखला देते, म्हणजे ‘ते परदेशात’ म्हणायला जागा राहणार नाही. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या 1962च्या दिवाळी अंकात आली. अश्लील म्हणून खटला झाला, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, आणि 1969मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. न्यायमूर्तींनी आक्षेप घेतलेले उतारे तपासले आणि कथा संपूर्णही वाचली. वाङ्मय म्हणून ती उच्च दर्जाची नसेल, लेखकाचं कच्चेपणही त्यात दिसत असेल, पण म्हणून ती अश्लील ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. तुम्हाला दोन पानांत जे जमलं नाही ते तिथे झालं आहे: कथा फसली आहे हा एक आरोप, ती अश्लील आहे हा दुसरा. पहिला सिद्ध झाला म्हणून दुसरा आपोआप सिद्ध होत नाही.

शेवटची गोष्ट, आणि ही सगळ्यात गंभीर. तुमच्यापैकी एकीने मोठ्या कौतुकाने लिहिलं आहे की तिने कथेची पीडीएफ धाकट्या बहिणीला पाठवली. बहीण नववीत आहे. त्या पीडीएफमध्ये वर्ग, इशारे आणि टॅग यांची पानं होती का? नव्हती. मी बघितली. कोणीतरी ती कापून फाइल फिरवली आणि तुम्ही ती तशीच पुढे ढकललीत. ज्यांनी वर्षानुवर्षं खपून ही पाटी उभी केली, त्यांची पाटी तुम्ही उपटून टाकलीत आणि एका चौदा वर्षांच्या मुलीला न सांगता आत सोडलंत. इथे लेखकाला दोष देता येणार नाही, संग्रहस्थळालाही नाही. प्रौढ लेखन मुलांच्या हाती पडतं म्हणून जे गळा काढतात, त्यांनी ते कोणाच्या हातून पडतं हेही बघावं. आज घरी जाऊन त्या मुलीशी बोलायचं. काय वाचलं, काय कळलं, काय टोचलं, सगळं ऐकून घ्यायचं. त्यात तुमची लाज गेली तर जाऊ द्या.

तर, प्रतिक्रिया हेही लेखनच आहे. लेखकाकडून जी जबाबदारी मागता, ती स्वतःच्या दोन पानांतही दाखवावी लागते. सोमवारी सगळ्यांनी नव्याने लिहून आणायचं. पहिल्या ओळीत कथेवरचे इशारे उतरवून काढायचे आणि ते वाचूनही आत का गेलात ते सांगायचं. एक प्रसंग निवडायचा आणि त्याचं लेखकाने काय केलं ते त्याच प्रसंगातल्या तपशिलांवरून दाखवायचं. लेखकाच्या मनाबद्दल, चारित्र्याबद्दल, आईवडिलांच्या संस्कारांबद्दल एक शब्द दिसला तर कागद परत मिळेल, गुण मिळणार नाहीत. किळस आली असेल तर कुठे आली, रडू आलं असेल तर कुठे आलं, त्या ओळीवर बोट ठेवा. दोन्ही एकाच ओळीवर आलं असेल तर भिऊ नका, तेच लिहा.

आता हजेरी.