काळजी करणे आणि काळजी घेणे

मराठी भाषेत ‘काळजी’ या एकाच शब्दापुढे दोन क्रियापदे येतात. आपण काळजी करतो आणि काळजी घेतोही. शब्द तोच, परंतु क्रियापद पालटताच अर्थाची दिशा पालटते. आजाऱ्याच्या उशाशी बसून एक जण रात्रभर काळजी करतो. दुसरा वेळेवर औषध देतो, पेज करून आणतो, अंथरूण नीट करतो. प्रेम दोघांचेही खरे. पण आजाऱ्याच्या पदरात पडते ते दुसऱ्याचेच. चिंतेने ग्रासलेल्या मनाला शांती कशी लाभेल, या प्रश्नाचे उत्तर या दोन क्रियापदांमधील अंतरात आहे, असे आम्हांस वाटते.

चिंतेची कारणे काल्पनिक असतात, असे मात्र कोणी समजू नये. डिचोली तालुक्यात २०१२ साली खाणी थांबल्या, त्या वेळी किती घरे विवंचनेत पडली, हे वाचकांस सांगावयास नको. पुढे काही काळ सुरू झालेले खाणकाम २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबले. ट्रकांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. पेडण्याची तऱ्हा निराळी. मोपाच्या पठारावर विमानतळ झाला, जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली, आणि जमिनीचे मोल वाढले तसा तिच्याविषयीचा घोरही वाढला. वडिलोपार्जित भाट राखावे की विकावे, मुलगा गावात राहील की परदेशी जाईल, म्हातारपणी जवळ कोण असेल. हे प्रश्न खरे आहेत. त्यांना ‘देवावर भरवसा ठेवा’ एवढेच उत्तर देऊन मोकळे होणे हा श्रद्धेचाही अपमान होय.

कोणी विचारील, ज्याच्या शिरावर संसाराचा भार आहे त्याने चिंता सोडली, तर तो बेजबाबदार ठरणार नाही काय? शंका रास्त आहे. शेतकरी मृगापूर्वी बांध घालतो, बियाणे निवडून ठेवतो. ही दूरदृष्टी आहे, आणि ती धर्मच होय. परंतु बांध घालून झाल्यावर पाऊस पडेल की नाही म्हणून रात्रभर आढ्याकडे पाहत पडल्याने शेताला काय लाभते? यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे. तासभर विचार केल्यावर उद्या सकाळी करावयाचे एखादे काम हाती लागले, तर तो विचार कर्तव्याचा समजावा. तोच तो विचार फिरून फिरून येत राहिला आणि हाती काहीच लागले नाही, तर ती चिंता. ती तेथेच ठेवून उठावे.

परंतु उठण्याचे बळ कोठून आणावे? येथे श्रद्धेचे काम सुरू होते. गीतेच्या पहिल्या अध्यायाला ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव आहे. अर्जुनासारख्या महारथ्याचे अंग कापू लागले, तोंडाला कोरड पडली, धनुष्य हातातून गळू लागले. आपल्या परंपरेने या विषादाला पाप ठरविले नाही. त्याची गणना योगांत केली. म्हणून चिंताग्रस्त मनुष्याला ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असे कोणी कधीही म्हणू नये.

श्रद्धेचे खरे रूप पाहावयाचे असेल, तर डिचोली तालुक्यातील नार्व्याचा इतिहास आठवावा. दिवाडी बेटावरील श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत पाडले गेले. भक्तांनी देवाला नदीपार नार्व्यास आणले. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला. देवाला होडीतून पलीकडे नेणाऱ्या त्या पहिल्या भक्तांना, पुढे असा राजा येईल, हे ठाऊक असणे शक्य नव्हते. भय तर त्यांच्यासमोर प्रत्यक्ष उभे होते. उद्याची हमी कोणी दिलेली नसताना त्यांनी हाती होते तेवढे जपले. हमी नसतानाही आजचा दिवा आज लावणे, यालाच आम्ही श्रद्धा म्हणतो. नवस फेडला की संकट टळलेच पाहिजे, अशा हिशेबाने देवापुढे उभे राहणाऱ्याची चिंता देवळात जाऊनही कमी होत नाही. उलट तिच्यात एका हिशेबाची भर पडते.

निसर्गही हेच शिकवितो. चतुर्थीची माटोळी पाहा. श्रीगणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला परसातील व रानातील फळे, पाने, फुले बांधण्याची ही आपली गोमंतकीय रीत. नारळाची पेंड, सुपारीचे घोस, तोरिंगे, आंबाडे, चिबूड यांच्या शेजारी रानातले कवंडळही मानाने लटकत असते. कवंडळ दिसावयास लालबुंद, पण चवीला कडू. पोटाला त्याचा उपयोग नाही. तरी त्यावाचून माटोळी शोभत नाही. काम सुटलेला मनुष्य, थकलेली आजी, परीक्षेत मागे पडलेला मुलगा यांना आपण कोणाच्याही उपयोगाचे नाही असे वाटू लागते, आणि त्यांच्या चिंतेचे मूळ बहुधा येथेच असते. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी या कडू फळाकडे एकवार पाहावे. देवाच्या माथ्यावर जागा देताना आपल्या पूर्वजांनी केवळ उपयोग मोजला नाही.

माटोळीचे सामान आता बाजारातही मिळते. ते विकणाऱ्या भगिनींना त्याचा आधार असल्याने अवश्य घ्यावे. तथापि घरातील मुलांनी वडीलधाऱ्यांबरोबर एकदा तरी डोंगरावर जावे. कोणता वेल कोठे चढला आहे हे शोधताना स्वतःभोवती फिरणारे मन आपोआप बाहेर पडते. आणावे ते बेताने. पुढच्या वर्षासाठी वेल जिवंत ठेवणे हीदेखील काळजी घेणेच होय.

घरातील लहान कामांचेही असेच आहे. तुळशीला पाणी घालणे, उंबऱ्यावर रांगोळी काढणे, नागपंचमीला हळदीच्या पानावर तांदळाचे पीठ पसरून, खोबऱ्या-गुळाचे चून भरून पातोळ्या उकडणे. पानाचा वास घरभर दरवळतो, तेव्हा काही क्षण तरी उद्याचा दिवस उद्यावर राहतो. परंतु एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. घरातील सर्वांचा आनंद जर एकट्या गृहिणीच्या कष्टांवर उभा असेल, तर तो आनंद नव्हे. पुरुषांनी नारळ खवावा, मुलांनी पाने पुसावी, आणि पातोळी प्रथम तिच्या हातावर ठेवावी. पौषातल्या धालोच्या रात्री गावातील स्त्रिया मांडावर एकत्र जमतात, त्यामागेही एकटीचा भार सर्वांनी हलका करण्याचे शहाणपण आहे.

हे केवळ भाविकांचे बोलणे आहे असे कोणास वाटू नये. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र औदासीन्याने पीडित अशा ४९५ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१७ साली ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी रुग्णांना रोजच्या जीवनातील सुखकर कामांकडे हळूहळू वळविले. नेहमीच्या उपचारांस ही जोड मिळालेल्यांत सुधारणा अधिक दिसली. तेव्हा झोप उडाली, अन्न जाईनासे झाले, जगणे नकोसे वाटू लागले, तर संकोच न करता वैद्यकीय साहाय्य घ्यावे. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत उपचार मिळतात. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. ज्वरासाठी औषध घेणारा नास्तिक ठरत नाही. मग मनाच्या ज्वराला निराळा न्याय कशासाठी?

सांजवेळी देवापुढे दिवा लावताना प्रत्येक कुटुंबाने एवढेच करून पाहावे. दिवसभर ज्याची काळजी केली त्याचे नाव मनात घ्यावे, आणि उद्या त्याची कोणती काळजी घेणार हे ठरवावे. एखादे पत्र, एखादा दूरध्वनी, शेजारच्या घरी वाटीभर आमटी, इतकेही पुरे. उरलेला भार देवाच्या पायांशी ठेवून निजावे. तो पेलण्याचे सामर्थ्य त्याच्याकडे आहे. दिव्यात तेल घालण्याचे काम मात्र त्याने आपल्याकडे सोपविले आहे.