सुगम वाटेचे पुण्य

गुजरातेत रामपुरा आणि तिलकवाडा या गावांच्या दरम्यान पश्चिमवाहिनी नर्मदा काही अंतर उत्तरेकडे वळते, आणि तेवढ्याच टापूला चैत्रात घातलेली प्रदक्षिणा उत्तरवाहिनी परिक्रमा म्हणून ओळखली जाते. अंतर २० किलोमीटरांच्या आसपास, वाट बहुतेक सपाट, केळीच्या बागांच्या कडेने जाणारी. उन्हाच्या भयाने मंडळी पहाटेच्या अंधारातच निघतात. महाराष्ट्रातून बसगाड्या भरभरून येणाऱ्या या यात्रिकांत रजेचा हिशेब करून आलेले नोकरदार असतात, सांधे धरलेली माणसे असतात. अमरकंटकापासून सागरापर्यंत १३१२ किलोमीटर वाहणाऱ्या नदीला दोन्ही तीरांनी पायी वळसा घालणे त्यांच्या आवाक्यातले नव्हे. थोरली परिक्रमा केलेले काहीजण या धाकटीकडे पाहून किंचित हसतात, आणि त्या हसण्यात एक धर्मशास्त्रीय प्रश्न दडलेला आहे: पुण्याचे मोजमाप कष्टावर करावयाचे काय?

तीर्थविषयक निबंधग्रंथांनी हे मोजमाप मोठ्या चोखपणे करून ठेवले आहे. वाहनाने गेल्यास अर्धे फळ बुडाले, छत्री-पादत्राणांपायी त्याच्या निम्मे गेले, वाटेत व्यापार केला तर तीन हिस्से वजा, आणि प्रतिग्रह केला तर सारेच खालसा, असा तो जमाखर्च एखाद्या कुळकर्ण्याच्या दप्तरात शोभावा. (शेवटचे कलम शब्दशः लावले तर सदावर्ताच्या शिध्यावर चालणाऱ्या परिक्रमावासीयाच्या खात्यावरही शिल्लक उरणे कठीण!) परंतु महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य भीष्माला तीर्थमाहात्म्य सांगू लागतो तेव्हा त्याचे म्हणणे असे, की यज्ञाला नाना उपकरणे आणि विपुल द्रव्य लागते, ते राजांना व धनिकांनाच साधते, दरिद्री मनुष्यालाही करता येईल आणि तरीही यज्ञाहून वरचढ ठरेल असे कर्म म्हणजे तीर्थगमन. म्हणजे ज्या आचाराच्या कडकपणाची आज ग्वाही दिली जाते, तो आचारच मुळी सवलत म्हणून पुरस्कारला गेला. फळाचा अधिकारी कोण हे सांगताना पुलस्त्य कोस मोजत नाही, संयमाची अट घालतो. आणि देहाला उगाच पीडा देणाऱ्या तपाची गणना तर गीतेच्या सतराव्या अध्यायाने आसुरी वृत्तीत केली आहे.

आक्षेप घ्यावयाचाच तर तो नावेवर घ्यावा. थोरल्या परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवायची आणि सागराशिवाय कोठेही ओलांडायची नाही. येथे ती ओलांडल्यावाचून प्रदक्षिणा पुरीच होत नाही. घाटावर लांब रांग लागते, नाव डुलते, आणि एक वृद्धा चपला काखेत धरून, शेजारच्या अनोळखी पोराच्या खांद्यावर भार टाकून फळीवर पाय ठेवते. हा नियमभंग आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण सरदार सरोवरात शूलपाणेश्वराचे जुने मंदिर बुडाले, त्याची नवी प्रतिष्ठापना गोरा येथे झाली, झाडीतली जुनी वाट पाण्याखाली गेली, आणि थोरल्या परिक्रमेलाही ठिकठिकाणी काठ सोडून डांबरी सडक धरावी लागली. सूट तिलाही मिळाली आहे. ती शास्त्रीपंडितांऐवजी पाटबंधाऱ्यांनी दिली, इतकेच.

माझ्या मते धाकटीत उणे आहे ते कष्ट नव्हेत, अनिश्चितता आहे. उद्याचा मुक्काम कोठे, शिधा कोण देईल, याची शाश्वती नसल्यामुळे थोरल्या परिक्रमेत परक्याच्या ओसरीवर उभे राहून मागावे लागते, आणि मागण्याने अहंकार जितका झिजतो तितका पायांच्या फोडांनी झिजत नाही. फोड तर उलट मिरविताही येतात. येथे ग्रामस्थ ताकाचे पेले आपण होऊन पुढे करतात आणि परतीची गाडी ठरलेली असते. मात्र ही उणीव अंतर वाढवून भरून निघणारी नव्हे: मुक्कामाच्या खोल्या आगाऊ राखून मोटारीने सबंध नर्मदेला पंधरा-वीस दिवसांत वळसा घालणाऱ्याला ती तितकीच लागू पडते, आणि त्या फळीवरच्या वृद्धेला बहुधा पडत नाही.