न चावणारा राघू

पाळीव पोपटाला न चावण्याचे वळण लावणे ही गोष्ट नीतिविचाराच्या कक्षेत येते, असे कोणी म्हटल्यास वाचक हसतील. तो फार तर चिकाटीचा आणि भिजवलेल्या डाळीच्या चार दाण्यांचा प्रश्न आहे, असे मलाही पुष्कळ वर्षे वाटत होते. आता तसे वाटत नाही. ‘राघू चावायचा थांबला’ हे एकच वाक्य दोन अगदी भिन्न घटनांचे वर्णन करू शकते. आणि त्यांतील कोणती घटना आपल्या हातून घडली हे ओळखण्यात चूक झाली, तर ती पक्ष्यापुरती राहत नाही.

१९६४ साली वडिलांची बदली जबलपूरला झाली. सरकारी घराच्या व्हरांड्यात आमच्या राघूचा पिंजरा टांगलेला असे. आईच्या खांद्यावर तो तासन् तास बसे. पण आत्याने पेरूची फोड पुढे केली की तिच्या बोटातून रक्त काढी. वडील शिस्तीचे भोक्ते. राघूने मान ताणली, पिसे फुलवली की ते त्याच्या चोचीवर टिचकी मारीत आणि पिंजऱ्यावर जाड फडके टाकीत. दोन महिन्यांत राघू निमूट झाला. आल्यागेल्याला वडील अभिमानाने सांगत, “पाहा, कसं वळण लागलंय!” पुढे एका संध्याकाळी, मान न ताणता, पिसे न फुलवता, त्याने माझ्या चार वर्षांच्या बहिणीचा ओठ फोडला. दुसऱ्याच दिवशी त्याची घरातून रवानगी झाली. पक्षी कृतघ्न, असा निकाल सर्वांनी दिला. त्या निकालावर माझीही सही होती.

आज तो खटला पुन्हा उघडला असता निकाल टिकत नाही. चोच हे पोपटाचे केवळ शस्त्र नव्हे. चढताना तो तिचा पायासारखा उपयोग करतो. नव्या जागी पाय ठेवण्यापूर्वी ती आपला भार सोशील की नाही, हे चोचीनेच चाचपतो. बोटावर चढण्याआधी त्याने बोट चोचीत धरले, तर तो चावा नसतो, ती चौकशी असते. खरा चावादेखील सहसा अवचित येत नाही. आधी पक्षी मागे सरकतो, मान ताणतो, पिसे फुलवतो. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या क्षणात आकसतात आणि क्षणात पसरतात. हा त्याचा नकार होय. वडिलांच्या टिचक्या बसल्या त्या चाव्याला नव्हे, या नकाराला. शिक्षा झालेला नकार नाहीसा होत नाही. तो मुका होतो. आमच्या राघूने चावणे सोडले नव्हते, सूचना देणे तेवढे सोडले होते.

मग घरच्यांनी निमूटपणे रक्त काढून घ्यावे काय? मुळीच नाही. लहान मुलाचा ओठ हा तत्त्वचर्चेचा विषय नव्हे. वळण हवेच; प्रश्न आहे तो कोणत्या वाटेने, हा. आपल्याकडचा राघू पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यान्वये आता मनाई आहे. दिल्लीच्या आमच्या घरी नातीने पाळला आहे तो कॉकॅटील, पोपटाच्याच कुळातला, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, परंतु पिंजऱ्यातच पैदास झालेला पक्षी. त्याने डोक्यावरचा तुरा मागे चिकटवून फूत्कार टाकला की तिचा हात होता तेथेच थांबतो. पक्षी शांत झाला म्हणजे राळ्याच्या कणसाचा तुकडा मिळतो. कधी चावलाच, तर आरडाओरड नाही. कारण आरडाओरड म्हणजे त्याला तमाशाच. त्याला मुकाट्याने दांडीवर ठेवायचे आणि जरा वेळ पाठ फिरवायची. हा नियम साऱ्या घराला सारखाच लागू. मी एकदा पाहुण्यांसमोर ऐट मिरवण्यासाठी, त्याचा फूत्कार न जुमानता बोट पुढे केले आणि चावा घेतला गेला. नात म्हणाली, “आजोबा, त्यानं तुम्हाला सांगितलं होतं.”

हे वाक्य मला पक्ष्याहून अधिक बोचले. नोकरीत असताना माझ्या हाताखालच्या एका कारकुनाने एका खर्चाबाबत फाइलीवर प्रतिकूल टिप्पणी लिहिली होती. मी ती चार कठोर शब्दांसह परत पाठवली. त्यानंतर त्याच्या सर्व टिप्पण्या माझ्या मनासारख्या येऊ लागल्या आणि आपल्या शाखेत किती एकोपा आहे, असे मी मानू लागलो. पुढच्या वर्षी हिशेबतपासनिसांनी नेमक्या त्याच खर्चावर बोट ठेवले. तेव्हा मला त्या कारकुनाचाच राग आला: याने आधी सांगितले का नाही! त्याने सांगितले होते. टिचकी मीच मारली होती.

नातीची पद्धत निर्दोष आहे, असे मी म्हणणार नाही. राळ्याचे कणीस तिच्या हाती आहे आणि पिंजऱ्याची कडीही तिच्याच हाती. गोडीने मिळवलेली सत्ता ही सत्ताच असते. परंतु एका वळणानंतर दुबळ्याला ‘नको’ म्हणता येते आणि दुसऱ्यानंतर म्हणता येत नाही, हा भेद लहान नव्हे. पिंजरा आपण केला आहे, तोवर हलका नकार ऐकण्याची जबाबदारीही आपलीच.

फिरोजशहा कोटल्यात, फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात टोपऱ्याहून आणवलेला अशोकाचा स्तंभ उभा आहे. त्यावरील पाचव्या लेखात, राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर अवध्य ठरवलेल्या प्राण्यांची यादी आहे. तिच्या आरंभीच पोपट आणि मैना येतात. लेखाच्या अखेरीस, त्या काळात पंचवीस वेळा बंदिवान मुक्त केल्याची नोंद आहे. पोपटापासून निघालेला विचार बंदिवानापर्यंत जाऊन पोचावा, यात मला आता नवल वाटत नाही. माझ्या त्या कारकुनाला मी अद्याप पत्र लिहिलेले नाही. ते लिहावयास हवे.